शर्यतीची बैठक

गेल्या वर्षी नवरात्रात एके सकाळी माझा पुतण्या वरच्या मजल्यावरून खाली आला आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाला, "काका, आज मोकळे आहात ना? माझ्याबरोबर सीट घ्यायला चला."

हा मुलगा सोमवार ते शुक्रवार संगणकापुढे बसून नोकरी करतो आणि रविवार आला की एक जुनी गाडी घेऊन माळरानावरच्या मोटारशर्यतींत धूळ खात हिंडतो. त्या गाडीत त्याला शर्यतीचे आसन बसवावयाचे होते. त्याच्या भाषेत 'बकेट सीट'. त्याच्या मागोमाग वहिनी खाली आल्या होत्या. त्यांनी विचारले, "बसायला बादली कशाला हवी रे? गाडीत आहे ना चांगली गादी?"

मला बरोबर नेण्याचे कारण मात्र पुतण्याने वहिनींसमोर सांगितले नाही. ते जिन्यात सांगितले. वीस वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात मी निसरड्या पायरीवरून पडलो, तेव्हापासून माझी पाठ हा आमच्या घरातला एक स्वतंत्र सदस्य आहे. तिला नाटकगृहातल्या खुर्च्या चालत नाहीत, एस.टी.ची बाके चालत नाहीत, व्याह्यांच्या घरचा सोफा तर मुळीच चालत नाही. "जी सीट तुमच्या पाठीला चालेल ना काका, ती जगात कोणालाही चालेल," असे त्याचे गणित होते.

दुकानात भिंतीला लागून सहासात आसने मांडलेली होती. मी साहजिकच सर्वांत मऊ दिसणाऱ्या आसनाकडे वळलो. दुकानदार हसला. म्हणाला, "साहेब, मऊपणा पाहू नका. पोकळी पाहा. बसल्यावर कंबर, बरगड्या, खांदे, मांड्या, कुठे हात घुसतो ते पाहा. आणि पाच मिनिटांत उठू नका. अर्धा तास बसा. घाई नाही."

मी अर्धा तास बसलो. मऊ आसनात दहाव्या मिनिटाला पाठ बोलू लागली. मग मला एका काळ्या, कडक, कवचासारख्या आसनात घातले. 'घातले' हाच शब्द बरोबर. त्यात कोणी बसत नाही, उतरतो. वर बोटभर जाडीची गादी, खाली नुसते फायबरचे कवच. दोन्ही बाजूंनी मांड्यांना भिंती, बरगड्यांना भिंती, खांद्यांना कान. अर्धा तास झाला तरी पाठ गप्प होती. उठताना मात्र पुतण्याने एका बगलेत आणि दुकानदाराने दुसऱ्या बगलेत हात घालून मला बाहेर काढले, तो भाग वेगळा.

मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. तहांची कलमे आणि लढायांच्या तारखा मुलांकडून घोकून घेतल्या, पण माणूस बसतो कशावर याचा इतिहास कधी शिकवला नाही. कडक आसनात सुख असते हे माणसाला कळले केव्हा आणि कोणी किती मोल देऊन ते शिकले, हा प्रश्न घेऊन मी त्या दिवशी घरी आलो. पुढे दोन महिने जे वाचले त्यातले थोडे दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

मोटारगाडी जन्मली तेव्हा तिला स्वतःचे आसन नव्हते. १८८६ साली कार्ल बेंझने तीन चाकांच्या गाडीचे पेटंट घेतले, तिच्यावर बग्गीची बैठक होती. १८८८ साली त्याची पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली, ती अशाच बैठकीवरून. घोडा गेला होता, पण घोड्याच्या पाठीवरून पलीकडचे दिसावे म्हणून उंच केलेली बैठक तशीच राहिली. सवयी अशाच असतात; कारण निघून जाते आणि सवय मागे राहते.

१८९५ च्या जूनमध्ये पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत पॅरिसला यावयाचे, अशी शर्यत झाली. अंतर सुमारे ११७८ किलोमीटर. पानार-लव्हासोर कंपनीचा एमिल लव्हासोर हा त्या वेळी पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. वाटेत रूफेक या गावी त्याचा बदली चालक थांबणार होता. लव्हासोर अपेक्षेपेक्षा इतका लवकर, भल्या पहाटे, तेथे पोचला की तो बदली चालक झोपलेलाच होता. लव्हासोरने त्याला उठवण्यात वेळ घालवला नाही. तो तसाच पुढे बोर्दोला गेला आणि परत फिरून तसाच पॅरिसला आला. ४८ तास ४८ मिनिटे! भरीव रबराची चाके, हातात चाकाऐवजी सुकाणूचा दांडा, आणि खाली बग्गीची उघडी बाकडी. ताशी सरासरी २४ किलोमीटर, म्हणजे आजच्या सायकलस्वाराचा वेग. पण त्या बाकड्यावर दोन दिवस आणि दोन रात्री अंग सावरून धरण्याची कल्पना माझ्या पाठीला विचारा.

आणि पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही! ते होते चार आसनांच्या गाडीसाठी. लव्हासोरच्या गाडीत आसने दोनच. त्याच्यानंतर अकरा तासांनी आलेल्या केक्लँ नावाच्या गृहस्थाच्या प्यूजो गाडीला ते देण्यात आले. मोटारशर्यतीच्या अगदी सुरुवातीच्या काळात बक्षीस आसनांवरून ठरले, हे वाचून मला बरे वाटले. आपला विषय अगदीच क्षुल्लक नाही.

त्यानंतरची तीस वर्षे शर्यतीच्या गाडीत आसने दोनच असत. एक चालकाचे, दुसरे मेकॅनिकचे. हा मेकॅनिक धावत्या गाडीत हाताने पंप मारून तेल आणि इंधन यांचा दाब राखी, मागून कोण येतो ते मान वळवून पाही, टायर फुटला की उतरून बदली. चालकाला निदान धरावयाला चाक असे. या बिचाऱ्याला धरावयाला काहीच नसे. जे सापडेल ते धरावयाचे. जिंकला तर नाव चालकाचे, गाडी उलटली तर दोघेही बाहेर. १९२४ साली स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या शर्यतीत केनेल्म ली गिनेसची गाडी उलटली आणि त्याचा मेकॅनिक टॉम बॅरेट ठार झाला. पुढच्याच वर्षी युरोपातल्या ग्रां प्री शर्यतींतून मेकॅनिक बंद झाले.

मात्र गाडी दोन आसनांच्या रुंदीचीच असावी, हा नियम आणखी काही काळ राहिला. म्हणजे चालकाच्या शेजारी ती जागा रिकामी ठेवून गाड्या धावत होत्या. १९३२ साली व्हित्तोरिओ यानोने आल्फा रोमिओसाठी एकट्या माणसाची, मधोमध आसन असलेली गाडी बांधली, तेव्हा ती रिकामी जागा खऱ्या अर्थाने गेली. तिला 'मोनोपोस्तो' म्हणत; इटालियनमध्ये अर्थ अगदी सरळ, एक जागा. याच गाडीतून किरकोळ अंगाच्या ताझिओ नुव्होलारीने १९३५ साली न्युरबुर्गरिंगवर जर्मनांच्या बलाढ्य रुपेरी गाड्यांना त्यांच्याच घरात हरवले.

परंतु आसनापुरते पाहाल तर ते अजून बैठकीचेच होते. चामडे, आत केसांचे किंवा स्पंजाचे भरण, आणि पाठीला एक गोलाकार आधार. ते कोणाच्याही मापाचे नव्हते. जो येईल तो बसेल. १९५६ साली मोंझा येथे पीटर कॉलिन्स या तरुण इंग्रज चालकाला स्वतःला जगज्जेता होण्याची आशा होती. त्याचा फेरारी संघातला ज्येष्ठ सहकारी फांजिओ याची गाडी बिघडली. कॉलिन्स थांबला, उतरला, आणि आपली गाडी त्याने फांजिओला दिली. फांजिओ त्याच आसनात बसला, दुसरा आला, आणि जगज्जेता झाला. या प्रसंगातले औदार्य सर्वांनी वाखाणले आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आज कॉलिन्सने कितीही मनात आणले तरी हे दान त्याला करता आले नसते. आजच्या ग्रां प्री गाडीतले आसन दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही.

याच फांजिओची पुढच्या वर्षीची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ४ ऑगस्ट १९५७. पुन्हा न्युरबुर्गरिंग, एका फेरीला सुमारे २२.८ किलोमीटरचा डोंगरी रस्ता, अशा २२ फेऱ्या. फांजिओ ४६ वर्षांचा, गाडी मासेराती. मध्येच टायर आणि इंधन यांसाठी तो थांबला, तेथे चाकाचा नट गाडीखाली घरंगळला आणि तो शोधण्यात वेळ गेला. तो परत रस्त्यावर आला तेव्हा माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स, होय, तोच कॉलिन्स, बरेच पुढे निघून गेले होते. मग त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडले. त्या पाठलागात त्याच्या आसनाचा आधारच तुटला. खालचे आसन हलू लागले तेव्हा गुडघे गाडीच्या बाजूंना दाबून तो स्वतःला जागेवर धरून राहिला, आणि अशा अवस्थेत त्याने दोघांनाही गाठून मागे टाकले. हॉथॉर्नच्या आधी साडेतीन सेकंदांनी तो पोचला. ही त्याची जागतिक स्पर्धेतली शेवटची जीत आणि पाचवे अजिंक्यपद. लोक म्हणतात, असे चालवणे पुन्हा झाले नाही. झाले नसेल, पण ती शर्यत वाचताना माझे लक्ष त्या गुडघ्यांवरून हलत नाही.

कारण दुकानदाराच्या 'पोकळी'चे सारे मर्म तेथेच आहे. गाडी वळणावर वेगाने वळते तेव्हा माणसाचे शरीर बाहेरच्या बाजूला लोटले जाते. चांगली गाडी पकडीच्या टोकावर असेल तर हा जोर स्वतःच्या वजनाइतका होतो. सत्तर किलोच्या माणसाला कोणी सत्तर किलोने कडेला रेटावे तसा. आसनाने धरले नाही तर माणूस स्वतःला धरतो, आणि कशाने? हातातल्या चाकाने. मग जे हात गाडी वळवण्यासाठी, तेच लटकण्यासाठी. शिवाय मागची चाके घसरू लागली की ते चालकाला आधी डोळ्यांनी कळत नाही, कंबरेला कळते. कंबर आणि गाडी यांच्यामध्ये चार इंच मऊ गादी असेल तर ती बातमी वाटेतच जिरते. आमच्या विदर्भातल्या शंकरपटाचा धुरकरी छकड्याला जसा चिकटलेला असतो, त्याचे कारणही याहून निराळे नसावे.

तरीही माणसाला गाडीशी बांधून टाकावे, ही कल्पना युरोपातल्या चालकांना रुचत नव्हती. अपघात झाला तर बाहेर फेकले जाणे बरे, असा त्या काळचा पक्का समज होता. तो मूर्खपणा म्हणवत नाही. पेट्रोलच्या टाक्यांमध्ये बसलेल्या माणसाला आगीचे भय सर्वांत मोठे. अमेरिकेत मात्र १० डिसेंबर १९५४ रोजी जॉन पॉल स्टॅप या लष्करी डॉक्टरने स्वतःला अग्निबाणाच्या घसरगाडीवरील आसनाला आवळून बांधून घेतले. ताशी एक हजार किलोमीटरच्या वर वेग, आणि दीड सेकंदाच्या आत ती गाडी थांबली. शरीरावर वजनाच्या सेहेचाळीस पट जोर आला. डोळे रक्ताने भरले, काही काळ दिसेना. पण माणूस जगला, आणि नव्वदीच्या जवळ पोचेपर्यंत जगला. शरीर नाजूक नसते, सैल सोडलेले शरीर नाजूक असते, हे त्याने स्वतःवर दाखवून दिले. शर्यतीच्या मैदानावर ते पोचायला आणखी पुष्कळ वर्षे आणि पुष्कळ माणसे खर्ची पडली.

मधल्या काळात आसनात एक मोठी क्रांती झाली, आणि ती आरामासाठी मुळीच नव्हती. १९६२ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने आपल्या नव्या गाडीत चालकाला आरामखुर्चीत रेलावे तसा जवळजवळ उताणा निजवला. हेतू एवढाच की गाडी बुटकी व्हावी आणि वाऱ्याला कमी अंग दिसावे. जिम क्लार्क त्या गाडीत असा रेलून बसे की बाहेरून नुसते शिरस्त्राण दिसे; १९६३ साली दहापैकी सात शर्यती त्याने जिंकल्या. सर्वांनी चॅपमनचे अनुकरण केले. उंच माणसांची मात्र पंचाईत झाली. डॅन गर्नी या धिप्पाड अमेरिकनासाठी १९६७ च्या ल मांच्या शर्यतीत फोर्ड गाडीच्या छपराला चक्क डोक्यापुरता फुगवटा काढावा लागला. गाडी जिंकली, फुगवट्यासकट.

उताण्या बसण्यात एक धोका दडलेला होता. गाडी समोरून आदळली की रेललेला माणूस पुढे जात नाही, खाली पायांकडे सरकतो. त्याला अडवावयाचे तर कंबरेच्या आणि खांद्यांच्या पट्ट्यांखेरीज मांड्यांमधूनही पट्टा हवा.

१९६६ साली बेल्जियममधल्या स्पा येथे पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्त्याबाहेर गेली. पट्टे नव्हते. पाय चाकाखाली अडकले, अंगावर पेट्रोल सांडत होते, आणि ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या दोन चालकांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला सोडवले. स्टुअर्टने त्यानंतर सुरक्षेसाठी जी मोहीम उघडली, तिच्याबद्दल त्याला भित्रा म्हणणारेही निघाले. १९६९ साली अमेरिकेत त्याच ग्रॅहॅम हिलची गाडी गिरकी घेऊन थांबली. पट्टे सोडून तो उतरला, गाडी ढकलून सुरू केली, पुन्हा बसला; पण पट्टे एकट्याला लावता येईनात. तो तसाच निघाला. थोड्याच वेळात टायर गेला, गाडी उलटली, आणि हिल बाहेर फेकला गेला. दोन्ही पाय मोडले. 'बाहेर फेकले जाणे बरे' या समजाचे हे चित्र.

आणि योखेन रिंट. ५ सप्टेंबर १९७०, मोंझा, शर्यतीच्या आदल्या दिवशीचा सराव. रिंटने खांद्यांचे आणि कंबरेचे पट्टे लावले होते, मांड्यांमधले लावले नव्हते. आग लागली तर चटकन बाहेर पडता यावे म्हणून ते त्याला नको असत. त्याच उन्हाळ्यात हॉलंडमध्ये त्याचा मित्र पीअर्स कुरेज गाडीत जळून गेला होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे रिंटला नावे ठेवणे कठीण जाते. गाडी कठड्यावर आदळली, तो खाली सरकला, आणि पट्ट्याच्या बकलानेच त्याचा गळा कापला. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्याला मरणोत्तर मिळाले. १९७२ पासून फॉर्म्युला वनमध्ये सहा पट्टे सक्तीचे झाले.

हा मजकूर मी वाचला त्या वेळी पुतण्याने ते काळे आसन नक्की केले होते आणि पट्टे घेणे बाकी होते. तो चार पट्ट्यांचा संच घेणार होता. मांड्यांमधले पट्टे महाग, शिवाय "विचित्र वाटतं काका". मी त्याला रिक्षात रिंटची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी सहा पट्ट्यांचा संच घरी आला.

यापुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो शहाणपणाचा आहे आणि शहाणपणात गोष्टी कमी असतात. १९६५ साली श्टुटगार्टच्या रेकारो कंपनीने साध्या मोटारींत बसवावयाचे क्रीडा-आसन बाजारात आणले. पोर्शच्या गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या रॉयटर या जुन्या कारखान्यातून ही कंपनी निघाली. तिचे नावही रॉयटर आणि फ्रेंच 'कारोसेरी', म्हणजे गाडीचा सांगाडा, या दोन शब्दांतून जुळवलेले. शर्यतवाल्यांचे ज्ञान घरगुती गाडीत आले ते या वाटेने, आणि माझ्या पुतण्यापर्यंतही. इकडे ग्रां प्रीच्या गाडीत आसन शिंप्याच्या कपड्यासारखे मापाने होऊ लागले. रिकाम्या कवचात एक पिशवी ठेवतात, तीत फुगून घट्ट होणारे रसायन ओततात, आणि चालकाने शर्यतीच्या पोशाखात त्यावर निश्चल बसावयाचे. शरीराची प्रत्येक वळकटी त्यात उमटते. त्या साच्यावरून कार्बनच्या धाग्यांचे कवच. गादी जवळजवळ नाहीच. १९९९ पासून तर हे आसन चालकासह उचलून काढता येईल असे करावे लागते, म्हणजे मणका दुखावला असेल तर माणसाला हलवावयाचे नाही, आसनासकट बाहेर घ्यावयाचे.

आमच्या आसनाला असा थाट नव्हता. पण त्याच्या पाठीवर जागतिक मोटार महासंघाची पट्टी होती, आणि तयार झाल्यापासून पाच वर्षे अशी मुदत. औषधाच्या बाटलीवर असते तशी! दुकानदाराने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. खांद्यांचे पट्टे ज्या खाचांतून येतात त्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हव्यात, खाली नकोत. नाही तर आदळल्यावर पट्टा मणकाच दाबतो. आणि आसन कितीही भारी घेतले तरी ते ज्या लोखंडी पट्ट्यांनी गाडीच्या तळाला जोडतात त्या कच्च्या असतील तर सारे व्यर्थ. मला फांजिओचे गुडघे आठवले.

मिस्त्री दिवाळीनंतर आसन बसवणार होता, म्हणून सणाचे चार दिवस ते आमच्या दिवाणखान्यात दोन पाटांवर विराजमान होते. दादा, माझे थोरले बंधू, पहिल्या दिवशी त्याला हसले, दुसऱ्या दिवशी सहज बसून पाहिले, आणि तिसऱ्या दिवसापासून दिवाळी अंक घेऊन त्यातच बसू लागले. त्यांना काढावयाला दोघे लागत, म्हणून ते मुळी उठतच नसत.

भाऊबिजेच्या सकाळी वहिनींनी दादांना उठवले आणि मुलाला त्यात बसवले. दुकानदाराचे ते पोकळीचे बोलणे त्यांच्या कानांवर कधी गेले होते कोण जाणे. त्यांनी पदराला हात पुसले आणि त्याच्या मांडीशी, कंबरेशी, बरगड्यांशी तळहात घालून पाहू लागल्या. हात कुठे जाईना. डाव्या खांद्यापाशी त्या थांबल्या.

"इथे दोन बोटं जातात," त्या म्हणाल्या.

"आई, शर्यतीचा जाड पोशाख असतो अंगात. तो घातला की भरतं ते."

"मग तो घालून ये," वहिनी म्हणाल्या, आणि तो वर जाऊन येईपर्यंत आसनापाशीच उभ्या राहिल्या.